दुसऱ्या मजल्यावरचा चपलेचा पट्टा

"जिना चढताना कितव्या मजल्यावर चपलेचा पट्टा नीट करावासा वाटतो?"

आमच्या सेंटरमध्ये हृदयाच्या स्कॅनसाठी आलेल्या प्रत्येक माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारत. माणूस गोंधळे. रक्तदाब, साखर, सिगारेट, वडील कशाने गेले, या सगळ्याची उत्तरं तो घरून पाठ करून आलेला असायचा. चपलेचा पट्टा त्याच्या अभ्यासक्रमात नसायचा. मग डॉक्टर समजावून सांगत. दम लागतो हे कुणी कबूल करत नाही. पुरुष जिन्यात थांबतो आणि वाकून चप्पल नीट करतो, नाहीतर शेजाऱ्याच्या दारावरची पाटी वाचतो. बायका पिशवी या हातातून त्या हातात घेतात. "छातीत भरून येतं का विचारलं, तर अख्ख्या भाईंदरमध्ये एक माणूस हो म्हणणार नाही," ते मला म्हणाले होते. "पट्ट्याचं विचारलं की लगेच मजला सांगतात."

आणि सांगतही. "दुसरा… नाही, तिसरा असेल. पण डॉक्टर, चप्पलच खराब आहे हो."

"नवी घ्या," डॉक्टर म्हणत, "आणि आधी इथे झोपा."

मी त्यांच्याकडे रिपोर्ट टाइप करायला होते. त्याआधी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद पडला, आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कच्या बाजूला राहायला आलो, आणि घराजवळ नोकरी म्हणून मी या सेंटरची पायरी चढले. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दुसऱ्याच्या लिखाणातलं काय काढायचं ते कळतं का?"

मी म्हटलं, "छापखान्यात तेवढंच शिकवतात."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय मुद्रितशोधक?" अशीच सकाळ सुरू व्हायची.

इमारत चार मजल्यांची, जुनी, बिनलिफ्टची. तळमजल्यावर सेंटर आणि चौथ्या मजल्यावर डॉक्टरांचं घर. डॉक्टर उंच, काटकुळे, सदा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेले. पायांत काळे, ना लेस ना पट्टा असे, नुसते सरकवायचे बूट. लग्नाला तेच, बाजाराला तेच. बूट बांधण्यात माणसाच्या आयुष्याचा किती वेळ जातो यावर त्यांचं एक भाषण होतं. बूट बांधायला लागणार नाही इतका वेळ त्या भाषणाला लागायचा.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चुना साचतो. डॉक्टरी भाषेत त्याला कॅल्शियम म्हणतात. तो सीटी मशीनला पांढरा दिसतो. सुई नाही, औषध नाही. छातीवर तारांची बटणं चिकटवायची, माणसाला मशीनच्या कड्यात सरकवायचं, तो श्वास रोखून पडला की दोन ठोक्यांच्या मधे हृदयाचे काप टिपायचे. करड्या चित्रात जिथे पांढरे ठिपके दिसतील तिथे चुना. सगळ्या ठिपक्यांचा हिशेब करून मशीन एक आकडा देतं. शून्य असेल तर चांगलं, जितका मोठा तितकी काळजी. एवढंच हे शास्त्र. ते सांगायला डॉक्टरांना मात्र दर वेळी नवी उपमा लागायची.

खाडीकडच्या राई गावच्या एक मावशी आल्या होत्या, मासळी विकणाऱ्या. डॉक्टरांनी त्यांना पडद्याजवळ बसवलं. "मावशी, खाडीतल्या खडकाला कालवं धरतात ना? तसा तुमच्या नळ्यांना आतून चुना धरलाय."

मावशींनी पडदा नीट न्याहाळला. "मंग कोयतीन खरवडून काढाचा ना. आमी न्हाय काढत?"

"तो खडक हाय मावशी, ही नळी हाय. फाटंल." डॉक्टर दादरचे. हाय आणि न्हाय ते मनापासून वापरत आणि प्रत्येक वेळी चुकीच्या सुरात.

"काढाचा न्हाय, त बगाचा कशाला?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "खडक कुठे आहे ते कळलं तर होडी हळू नेता येते ना?"

हे मावशींना पटलं. गोळ्या कधी घ्यायच्या ते दोनदा विचारून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सेंटरवर बोंबील आले. वातानुकूलित खोलीत बोंबील ठेवले तर काय होतं, हे त्या दिवशी मशीनच्या कंपनीच्या माणसालाही कळलं.

श्वास रोखण्याच्या सूचना मशीन स्वतः देतं. कंपनीने त्यात एका बाईचा गोड इंग्रजी आवाज भरून दिला होता. डॉक्टरांनी तो पहिल्याच आठवड्यात पुसला. त्यांच्या मते हृदय दाखवायला आलेल्या माणसाशी विमानातल्यासारखं बोलू नये. मराठी आणि हिंदी सूचना त्यांनी स्वतःच्या आवाजात भरल्या. पंखे बंद करून, दारं लावून, घामाघूम होत दुपारभर ते म्हणत होते, "श्वास घ्या… धरून ठेवा… हलू नका… सोडा." 'हलू नका' जास्त कडक झालं म्हणून परत. 'सोडा' फार आनंदात आलं म्हणून परत. हिंदीच्या वेळी 'सांस रोकिए'च्या नेमकं पुढे रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी आली आणि तीही त्यात भरली गेली. म्हणजे हिंदी पेशंट ऐन श्वास रोखून पडला की कानावर लांबून यायचं, "भंगाऽऽर." मी म्हटलं, हे काढायला हवं. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. माणूस नम्र होतो."

गावाकडच्या बायकांसाठी आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या बाईंचा आवाज होता. "दम घे बाय… धरून ठेव… हलू नको… सोड आता." एकदा चुकून तो एका जावईबापूंना लागला. त्यांना तो हुबेहूब सासूबाईंचा वाटला. 'सोड आता' झाल्यावरही त्यांनी श्वास सोडला नाही. खरंच सोडू का, असं आधी हाताने खुणावून विचारलं.

डॉक्टरांची सगळ्यात मोठी खोड मात्र पडद्याच्या कोपऱ्यात होती. तिथे पेशंटचं नाव येतं. त्यावर त्यांनी अगरबत्तीच्या पुड्याची एक पट्टी कापून चिकटवली होती. नाव झाकलं जायचं. वय आणि पुरुष की बाई एवढंच उघडं राहायचं. निलेशने, म्हणजे आमच्या टेक्निशियनने, स्कॅन करून रांगेत टाकायचे, डॉक्टरांनी नाव न बघता वाचायचे, रिपोर्ट सांगून संपला की पट्टी उचलायची. "नाव दिसलं की जात दिसते, सोसायटी दिसते, कोणी पाठवलाय ते दिसतं," ते म्हणत. "मग नळ्या कुठून दिसणार?" पट्टी जुनी झाली की नवी लागायची. त्यामुळे त्या अंधाऱ्या खोलीला कायम चंदनाचा वास असे आणि नवा माणूस आत येताना नकळत हात जोडत असे.

रिपोर्टला आमच्याकडे दोन पानं असत. पहिलं इंग्रजी, पाठवणाऱ्या डॉक्टरसाठी. दुसरं मराठी, ज्याला ते 'घरचं पान' म्हणत. भांडणं सगळी या दुसऱ्या पानावर. चुना कुठे आहे, पुढे काय करायचं, हे सांगून झालं की डॉक्टरांना राहवायचं नाही आणि शेवटी माणसाबद्दल एक वाक्य पडायचं. 'हे गृहस्थ जेवताना मीठ वरून घेत असावेत आणि नाही म्हणत असावेत.' 'या बाईंनी घरातल्या इतरांची काळजी करणे थोडे कमी करावे.' मी ते वाक्य काढायचे. ते विचारायचे, "शेवटचं वाक्य कुठे गेलं?" मी म्हणायचे, "जागा नव्हती." पानावर अर्धी जागा रिकामी असायची. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत सही करायचे.

एका शब्दावर मात्र आमचं भांडण कधी झालं नाही, कारण तो त्यांनी कधी वापरलाच नाही. नॉर्मल. शून्य आलं तरी ते सांगायचे, 'आज चुना दिसला नाही.' लोक चिडायचे. एक तरुण हातात रिपोर्ट घेऊन परत आला. "सर, एक शब्द लिहा ना नॉर्मल. होणाऱ्या सासऱ्यांना दाखवायचाय."

"आज दिसला नाही असं लिहिलंय की."

"त्यांना वाटतंय उद्या दिसणार आहे!"

"मग हुशार आहेत. लग्न करा तिथे." नॉर्मल हा शब्द देवाने वापरावा, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि देवाने तो अजून कुणाबद्दल वापरल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं.

आकड्यांनी माणसांचं काय होतं, हे तिथे बसून बघायला मजा यायची. पेणकरपाड्याकडच्या एका सोसायटीतले निवृत्त गृहस्थ रिपोर्ट घेऊन गेले ते संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आकडा चांगला घसघशीत होता. घरी बायकोच्या हाडांत कॅल्शियम कमी म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालू, आणि यांच्याकडे काही न खाता एवढं! त्यांनी मजल्यावर पेढे वाटूनही टाकले होते. "डॉक्टर, आता घरातल्या घरात काही देवाणघेवाण होऊ शकते का?" डॉक्टरांनी पेढा शांतपणे खाल्ला, हात पुसले, त्यांना आत नेलं, दार लावलं. बाहेर आले तेव्हा गृहस्थ गंभीर होते. उरलेला पुडा त्यांनी टेबलावरच ठेवला. पुढे त्यांनी सगळी औषधं नीट घेतली. सोसायटीतल्या लोकांना मात्र पेढे कशाचे होते, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

दुसरी गंमत आमच्या भागातल्या एका लोकनेत्याची. मशीनचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. फीत, नारळ, शाल, आणि यंत्राबद्दल काहीही माहीत नसताना यंत्रावर केलेलं लांबलचक भाषण. भाषणानंतर ते कार्यकर्त्यांसमक्ष मशीनमध्ये झोपले. आकडा शून्य आला. दोन दिवसांत नाक्यावर फ्लेक्स. हात जोडलेले साहेब, डोक्यामागे तेजोवलयासारखं भलंमोठं शून्य, खाली 'निर्मळ हृदयाचे लोकनेते' आणि तिकिटाएवढे शुभेच्छुक. शुद्धलेखनाच्या चुका मात्र शून्य नव्हत्या. डॉक्टर फ्लेक्सखाली उभे राहून वाचत होते, तेवढ्यात पानवाल्याने विचारलं, "डॉक्टरसाब, साहब का दिल सच में इतना साफ है?"

"नलियाँ साफ हैं," डॉक्टर म्हणाले. "दिल मशीन में नहीं दिखता."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत साहेबांच्या कार्यालयात पोचलं. त्यानंतर आमच्या दारातला खड्डा बुजायला एक पावसाळा जास्त लागला.

आता मूळ गोष्ट. डॉक्टरांच्या पत्नी मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत, डॉक्टरसुद्धा. दुपारी त्या मला जेवायला वर बोलवायच्या. एकदा मी आणि डॉक्टर बरोबरच जिना चढत होतो. लिफ्टच्या लोकांना हृदय असण्याची कल्पनाच येत नाही, असं काहीतरी ते सांगत होते. दुसऱ्या मजल्यावर वाक्य मधेच तुटलं. डॉक्टर कठड्याला धरून खाली वाकले आणि उजव्या पायाचा पट्टा नीट करू लागले.

पायांत तेच काळे बूट होते. त्याला पट्टा नव्हता.

बोटं थोडा वेळ बुटावर नुसतीच फिरली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी वाचू लागले. पाटी मोठी सुबक होती. ती मी बराच वेळ वाचली.

वर गेल्यावर डॉक्टर हात धुवायला आत गेले, तेव्हा मी बाईंना हळूच सांगितलं. बाई पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "दुसऱ्यावर ना?" त्या म्हणाल्या. "दिवाळीत तिसऱ्यावर होतं."

जेवताना त्यांनी विषय काढला. "अहो, तुमचा स्कॅन कधी करायचा?"

"न्हावी स्वतःचे केस कापत नाही."

"दुसऱ्या न्हाव्याकडे जातो. केस वाढवून हिंडत नाही."

"बाई, मला काही झालेलं नाही."

"मग घाबरताय कशाला?"

डॉक्टर ताकाची वाटी हातात धरून बसले. मग म्हणाले, "लोकांना मी सांगतो. त्यांना ते शब्द ऐकू येतात. मला तसं नाही ना. मला दिसेल. आणि एकदा दिसलं की न दिसल्यासारखं नाही करता येणार."

बाईंनी त्यांच्या पानात भात वाढला आणि एवढंच म्हणाल्या, "राईच्या मावशींना होडी हळू न्यायला सांगितलीत, आणि स्वतः डोळे मिटून वल्ही मारताय."

दुसऱ्या दिवशी सेंटर उघडलं, तर पेशंटच्या बाकावर बाई. मांडीवर मेथीची जुडी. त्या शांतपणे पानं खुडत बसल्या. शेजारच्या गुजराती भाभींनी विचारलं, "आपका नंबर कब का है?"

"मेरा नहीं, हमारे इनका है. वो अंदर बैठके दूसरों का देख रहे हैं."

भाभींनी आत डोकावून बघितलं. दुपारपर्यंत बाकावरच्या सगळ्यांना कळलं होतं. मेथी संपली, बाई वर गेल्या. पुढच्या दिवशी गवार आणली, कारण गवार निवडायला जास्त वेळ लागतो. आता पेशंट आत येऊन डॉक्टरांनाच विचारू लागले. राईच्या मावशी तपासणीला आल्या होत्या, त्यांनीही विचारलं, "डाक्टर, तुमचा खडक कवा बगताव?" तिसऱ्या दिवशी बाई रात्रभर भिजवलेले कडवे वाल सोलायला घेऊन बसल्या. पातेलं भरून वाल. ते पाहिल्यावर डॉक्टरांनी ओळखलं, ही आता उठत नाही.

बाहेर येऊन ते म्हणाले, "झोपतो. पण एका अटीवर. मी बघणार नाही. वसईला माझा मित्र आहे, त्याच्याकडे पाठवायचं. तो मला जे सांगायचं ते सांगेल."

"चालेल," बाई म्हणाल्या आणि पुढचा वाल सोलला.

निलेशने डॉक्टरांच्या छातीवर बटणं चिकटवली. टेबल आत सरकलं. मी काचेपलीकडे उभी होते. मशीनमधून डॉक्टरांचाच आवाज आला, "श्वास घ्या… धरून ठेवा…"

आणि मशीनच्या कड्यातून दुसरा आवाज आला, तोच. "'धरून ठेवा'नंतर जरा थांबायला हवं होतं. घाई झाली माझी."

"हलू नका," मशीन म्हणालं.

"हे बघ, हे बरं आलंय."

"सर, बोलू नका!" निलेश माइकवर ओरडला.

"सोडा," मशीन म्हणालं. डॉक्टरांनी सोडायला काही धरलंच नव्हतं. स्कॅन होऊन गेला होता. चित्र हललंय, परत घेऊ, हे निलेश आत जाऊन सांगेपर्यंत डॉक्टर उठून बसले होते आणि छातीवरची बटणं केसांसकट उपटत शर्ट चढवत होते. मालकाला परत झोपा म्हणायची निलेशची छाती झाली नाही. तो बाहेर आला आणि गडबडीत रोजच्या हाताने रोजचं केलं. स्कॅन रांगेत टाकला. वसईला पाठवायचा तो वेगळा काढायचा, हे त्याच्या डोक्यातून गेलं.

डॉक्टर हात धुऊन, केस विंचरून नेहमीसारखे अंधाऱ्या खोलीत येऊन बसले. मी बाजूला संगणकावर. एक झाला, दुसरा झाला. तिसरा उघडला. पुरुष, डॉक्टरांच्याच वयाचा. मला त्यात काही वाटलं नाही, आमच्याकडे त्या वयाचीच माणसं यायची.

डॉक्टर पडद्यापाशी झुकले. "अरे बापरे," ते हळूच म्हणाले. मग इंग्रजी पान सांगू लागले. डावीकडून पुढे उतरणाऱ्या नळीत अगदी वरपासून चुना. उजवीकडेही. चित्र ठिकठिकाणी हललेलं. "हललंय म्हणजे माणूस बोलत होता," त्यांनी मला सांगितलं. "मशीनमध्ये बोलतो, तर बाहेर किती बोलत असेल? आकडा थोडा मागेपुढे होईल. पण एवढ्या चुन्यात तेवढ्याने काही बिघडत नाही."

तेव्हा मला दार हलल्याचं जाणवलं. डॉक्टरांच्या खुर्चीमागे निलेश उभा होता. चेहरा पांढरा. तो दोन्ही हातांनी आधी पडद्याकडे, मग डॉक्टरांच्या पाठीकडे, मग पुन्हा पडद्याकडे बोट दाखवत होता. मला कळायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात घरचं पान सुरू झालं होतं.

"लिहा. यांच्या हृदयाच्या नळ्यांत बराच चुना आहे. हे उद्यावर टाकू नये. याच आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावे. तोवर जिने, ओझी, भाषणे बंद." ते हसले. "भाषणे राहू दे, तुम्ही काढालच. पुढे लिहा. या गृहस्थांना जिना चढताना थांबावे लागत असणार आणि थांबण्याचे कारण ते दुसरेच सांगत असणार. त्यामुळे त्यांना काही विचारू नये. त्यांच्या पत्नीला विचारावे."

मी टाइप केलं. निलेश दारात तसाच. डॉक्टरांनी पट्टी उचलली.

खोलीत चंदनाचा वास होता आणि मशीनच्या पंख्याची घरघर. डॉक्टर नाव वाचत होते. नाव काही मोठं नव्हतं, पण त्यांना वाचायला वेळ लागला. मग त्यांनी पट्टी परत जागेवर चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि परत उचलून बघितलं.

निलेश रडायच्या बेतात होता. "सर, मी… चुकून…"

"तू गप रे. बरोबर रांगेत टाकलंस." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

माझं बोट सवयीने शेवटच्या वाक्यावर गेलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "शेवटचं वाक्य… काढू?"

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. मग जरा वेळाने, "भाषणेसुद्धा राहू दे."

पान छापून, सही करून ते बाहेर गेले. मी दारातून बघत होते. ते बाकावर बाईंशेजारी बसले, पान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि पातेल्यातले वाल घेऊन सोलायला लागले. बाईंनी चष्मा लावून पान वाचलं, शाळेतला निबंध वाचावा तसं, ओळीवर बोट ठेवून.

"कोण आहे पेशंट?"

"आहे एक. ऐकत नाही कुणाचं."

"बायकोला विचारावे लिहिलंय."

"हो."

"मग विचारा."

"काय करू या, बाई?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांच्या हातात सोलायचा वाल तसाच होता.

बाईंनी तो हातातून काढून घेतला. "उद्या सकाळी टॅक्सी बोलावू," त्या म्हणाल्या. "आणि हे वाल असे नाही सोलायचे. दाण्याचा डोळा मोडतोय."

पुढचं हॉस्पिटलच्या पद्धतीने झालं. मुंबईत तपासण्या, मग छाती उघडून बायपास. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञांना ते जिना चढताना चपलेचा पट्टा कितव्या मजल्यावर नीट करता, असं विचारत होते. त्या तरुण डॉक्टरांनी "तिसऱ्या" म्हणून उत्तर दिलं आणि मग तेच थोडे विचारात पडले.

ती इमारत आता नाही. पुनर्विकासात तिथे उंच टॉवर झाला, दोन दोन लिफ्ट. कुणाला कितव्या मजल्यावर दम लागतो हे कळायची सोय राहिली नाही. डॉक्टर आणि बाई नाशिकला मुलीकडे असतात. मशीन दुसऱ्या सेंटरने घेतलं. निलेश त्यांच्याकडे आहे. तो सांगतो, हिंदीतला भंगारवाला अजून आहे.

पण मला आठवते ती शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी आलेली एक संध्याकाळ, जुन्याच जिन्यातली. डॉक्टर, बाई आणि मी वर चढत होतो. दुसरा मजला आला. डॉक्टर थांबले नाहीत, बोलणंही थांबलं नाही. वरच्या पायऱ्यांवर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मागे बाई नाहीत.

बाई दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून वाकल्या होत्या.

"काय झालं?" डॉक्टरांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"काही नाही हो. पट्टा."

डॉक्टर भराभर खाली आले. त्या वयात, तशा छातीने, कुणी तसं खाली येऊ नये. "मुद्रितशोधक, निलेशला फोन लावा. मशीन बंद करू नको म्हणावं. बाई, बसा तुम्ही. कधीपासून होतंय?"

"अहो, खरंच पट्टा आहे."

"सगळे हेच म्हणतात!"

बाईंनी पाय पुढे केला. डॉक्टर गुडघ्यांवर बसले, खिशातून मोबाईल काढून उजेड पाडला आणि चपलेवर झुकले. स्कॅन वाचताना झुकायचे तितकेच. शेजाऱ्यांचं दार किलकिलं झालं.

मग ते मागे भिंतीला टेकून बसले. "लिहा, मुद्रितशोधक," ते म्हणाले, दम घेत, आणि या वेळी तो लपवायचा काही प्रयत्न न करता. "डाव्या चपलेचा पट्टा बकलापाशी तुटलेला आहे. बाकी सर्व नॉर्मल."